‘नाताळ’ : एक लॅटिन विशेषण आणि त्याचे मराठी सामान्यरूप

१

मराठीतील परकीय शब्दांचा विचार आजवर मुख्यतः दोन ठिकाणी झाला आहे : कोशात आणि वादात. कोशात शब्दापुढे फारसी, अरबी, पोर्तुगीज किंवा इंग्रजी अशी मूळ भाषेची खूण पडते आणि कोशकाराचे काम तेथे संपते. वादात मात्र तीच खूण पुरावा म्हणून पुढे येते. शिवकालातील राज्यव्यवहारकोशापासून माधव जूलियन यांच्या ‘भाषाशुद्धि-विवेका’पर्यंत (१९३८) जी परंपरा आढळते, तिचा मुख्य रोख फारसी-अरबी आणि नंतर इंग्रजी शब्दांवर होता. तिचे गृहीतक मात्र व्यापक होते : शब्द कोठून आला हे एकदा ठरले, की तो कोणाचा हेही ठरले.

या गृहीतकाचा परिणाम ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या समीक्षेवर विशेष झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) वाचताना अभ्यासक ‘पुराण’, ‘वैकुंठ’ यांसारख्या शब्दांपाशी थांबतात आणि त्यांत कवीच्या मराठीपणाचा पुरावा शोधतात. लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे शब्द आले, की ते धर्मप्रसाराचे अवशेष म्हणून बाजूला काढले जातात. रेव्हरंड टिळकांच्या संस्कृतनिष्ठ आणि भक्तिपर रचनेचे स्वागत होते. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती माणसाच्या बोलीतील शब्द मात्र केवळ स्थानिक कुतूहलाचा विषय ठरतात. म्हणजे ख्रिस्ती लेखक जितका संस्कृताकडे जाईल तितका तो मराठी, असा एक अलिखित निकष तयार होतो.

हा निकष तपासून पाहण्यासाठी ‘नाताळ’ हा शब्द सोयीचा आहे. ‘पाद्री’, ‘मिस्सा’, ‘खुरीस’ हे शब्द बहुतांशी एका समाजापुरते किंवा एका समाजाविषयी बोलण्यापुरते राहिले. ‘नाताळ’ मात्र दिनदर्शिकेत, शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत, वृत्तपत्रात आणि सर्वधर्मीय मराठी माणसांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मूळ लॅटिन असलेला हा धार्मिक शब्द मराठीत नेमका कोणत्या अर्थाने आणि कोणत्या व्याकरणाने राहतो, हे पाहिले तर शब्दाच्या मालकीचा प्रश्न व्युत्पत्तीने सुटतो की नाही, याचेही उत्तर मिळू शकेल.

२

‘नाताळ’च्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द ‘नातालिस’ हा नाम नव्हे, विशेषण होय. ‘नास्की’ म्हणजे जन्मणे या धातूचे भूतकालवाचक विशेषण ‘नातुस’. त्याच्या ‘नात्’ या अंगाला ‘-आलिस’ हा संबंधदर्शक प्रत्यय लागून ‘नातालिस’ सिद्ध होतो. अर्थ : जन्माचा, जन्माशी संबंधित. हा प्रत्यय लॅटिनमध्ये विपुल आहे. ‘रेक्स’ म्हणजे राजा, त्यापासून ‘रेगालिस’ म्हणजे राजाचा. मूळ अंगात आधीच ‘ल’ असेल तर विषमीकरणाने या प्रत्ययाचा ‘-आरिस’ होतो. म्हणून सूर्यवाचक ‘सोल’पासून ‘सोलारिस’. ‘नात्’ या अंगात ‘ल’ नसल्याने येथे ‘-आलिस’ टिकला, आणि त्यातील ‘ल’ हाच पुढे मराठीतील ‘ळ’ झाला.

हे विशेषण लॅटिनमधील तिसऱ्या वर्गाप्रमाणे चालते. पुल्लिंगी व स्त्रीलिंगी प्रथमेचे रूप एकच, ‘नातालिस’, नपुंसकलिंगी ‘नाताले’. षष्ठीचे रूपही ‘नातालिस’च, द्वितीयेचे ‘नातालेम’, पंचमीचे ‘नाताली’. बहुतेकदा ते ‘दिएस’ म्हणजे दिवस या नामाबरोबर येई : ‘दिएस नातालिस’, जन्माचा दिवस. वारंवार वापराने नाम गळाले आणि विशेषणच नामाचे काम करू लागले. रोमन समाजात जन्मदिवस हा केवळ कौटुंबिक प्रसंग नव्हता. त्या दिवशी व्यक्तीच्या रक्षक देवतेला नैवेद्य दाखविला जाई. केन्सोरिनुस या पंडिताने इ. स. २३८मध्ये जन्मदिवसाविषयी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला; त्याच्या नावातच हा शब्द आहे. नगराचा, देवळाचा, सम्राटाच्या राज्यारोहणाचा दिवसही ‘नातालिस’ म्हणूनच ओळखला जाई. शब्दाचा अर्थ अशा रीतीने ‘जन्म’ याकडून ‘वार्षिक उत्सवाचा दिवस’ याकडे सरकत होता.

पुढे रोमान्स भाषांनी लॅटिन नामे साधारणतः द्वितीयेच्या रूपावरून घेतली. अंत्य ‘म’ उच्चारातून पूर्वीच लोपला होता. ‘नातालेम’पासून इटालियन ‘नाताले’, फ्रेंच ‘नोएल’, कॅटलान ‘नादाल’ आणि पोर्तुगीज ‘नाताल’ आले. स्पॅनिशने याच धातूवरील दुसरे भाववाचक नाम निवडून ‘नाविदाद’ हा शब्द घडविला. पोर्तुगीज रूपात एक गोष्ट लक्ष वेधते. त्या भाषेच्या स्वाभाविक ध्वनिविकासात दोन स्वरांमधील ‘त’चा ‘द’ होतो. लॅटिन ‘वीता’चे पोर्तुगीज ‘विदा’ झाले. त्यानुसार ‘नादाल’ हे रूप अपेक्षित होते आणि शेजारच्या गॅलिशियन भाषेत ते तसे आहेही. पोर्तुगीजमध्ये ‘त’ टिकला, याचे कारण हा शब्द उपासनेच्या लॅटिनशी सतत संबंध राखून होता. याउलट ‘पात्रेम’चे ‘पाद्रे’ झाले आणि तेथून मराठीत ‘पाद्री’ आला. ‘पाद्री’तील घोष ‘द’ आणि ‘नाताळ’मधील अघोष ‘त’ या दोन व्यंजनांत एकाच भाषेतील दोन जीवनक्रम नोंदले गेले आहेत : एक शब्द लोकांच्या तोंडी झिजला, दुसरा वेदीजवळ जपला गेला.

३

या शब्दाच्या अर्थाचा इतिहास त्याच्या रूपाच्या इतिहासाहून अधिक विलक्षण आहे. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजाला जन्मदिवस साजरा करण्याविषयी आस्था नव्हती. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या भाष्यकाराने पवित्र ग्रंथातील दाखले देऊन दाखविले, की जन्मदिवसाचे उत्सव फेरो आणि हेरोद यांच्यासारख्यांनी केले, संतांनी नव्हे. तरीही ‘नातालिस’ हा शब्द ख्रिस्ती लॅटिनमध्ये आला तो उलट्या अर्थाने : हुतात्म्याचा मृत्युदिन हा त्याचा ‘नातालिस’ ठरला. देह पडला तो दिवस म्हणजे स्वर्गातील जन्माचा दिवस. चौथ्या शतकाच्या अखेरीपासून नोला येथील पाउलिनुस हा कवी संत फेलिक्स याच्या स्मरणार्थ दर १४ जानेवारीला एक काव्य रचीत असे. ही काव्ये ‘नातालिकिया’ म्हणजे जन्मदिनकाव्ये म्हणून ओळखली जातात. प्रत्यक्षात तो दिवस फेलिक्सच्या मृत्यूचा होता.

मृत्युदिनाला मंगल नाव देण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. भिवंडी येथे दिवाणशहांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. ‘उरूस’ हा अरबी ‘उर्स’, त्याचा मूळ अर्थ विवाह. पिराचे देहावसान म्हणजे परमेश्वराशी त्याचे मीलन, म्हणून पुण्यतिथीला लग्नाचे नाव. वारकरी परंपरेत संताच्या मरणाला ‘समाधी’ म्हणतात आणि तिचा ‘सोहळा’ होतो. तीन धर्मपरंपरांनी तीन वेगळी रूपके वापरली : जन्म, विवाह आणि समाधी. त्या रूपकांमागचा तत्त्वविचार निरनिराळा असला तरी भाषिक क्रिया एकच आहे. वियोगाच्या शब्दाच्या जागी संयोगाचा किंवा पूर्णतेचा शब्द ठेवणे, ही ती क्रिया होय.

ख्रिस्ताच्या जन्माला ‘नातालिस’ हा शब्द लागू झाला तेव्हा तो हुतात्म्यांच्या यादीतूनच आला. इ. स. ३५४च्या रोमन पंचांगग्रंथात हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची एक यादी आहे. तिच्या आरंभी २५ डिसेंबर या दिवशी ख्रिस्त बेथलेहेम येथे जन्मल्याची नोंद येते. त्याच ग्रंथातील नागरी पंचांगात त्याच दिवसापुढे ‘अजिंक्य’ या देवतेचा, म्हणजे सामान्यतः सूर्यदेवाचा मानला जाणारा, ‘नातालिस’ नोंदविलेला आहे. सूर्योत्सवाच्या जागी ख्रिस्तोत्सव आला असे एक मत आहे. २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून त्यापुढे नऊ महिने मोजल्याने ही तिथी निश्चित झाली, असे दुसरे. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येईल, की चौथ्या शतकात या एका शब्दाखाली सम्राट, सूर्य, हुतात्मा आणि ख्रिस्त असे चौघेही एकत्र नांदत होते. ‘नातालिस’ हा शब्द ख्रिस्ती जन्मला नाही. तो वापराने ख्रिस्ती झाला. पुढे मराठीत जे घडले ते समजून घेण्यास हे उदाहरण उपयोगी पडते.

४

पोर्तुगीज ‘नाताल’ समुद्रमार्गाने निघाला आणि वाटेत ठिकठिकाणी राहिला. वास्को द गामाची जहाजे १४९७च्या ख्रिस्तजन्मोत्सवाच्या सुमारास आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळून जात होती. त्यावरून तेथील भूभागाला ते नाव मिळाले. गांधीजींच्या चरित्रातून मराठी वाचकाला परिचित असलेला ‘नाताळ’ प्रांत तो हाच. इंडोनेशियात आजही या सणाला ‘नाताल’ म्हणतात. सिंहलीत ‘नत्तल’, श्रीलंकेच्या तमिळमध्ये ‘नत्तार’. गुजरातीत ‘नाताल’ आहे. सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो मोठा कोश १९१३मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून अशा शब्दांचा प्रसार किती दूरवर झाला याची कल्पना येते.

मराठी प्रदेशात या शब्दाला दोन दारे होती, गोवा आणि वसई. वसई १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली. वसईच्या खाडीने आत गेले की भिवंडी आणि कल्याण लागतात. पण राजकीय सीमा तेथे बदलत असे : हा मुलूख आधी निजामशाहीकडे, १६३६नंतर आदिलशाहीकडे होता आणि १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. म्हणजे खाडीच्या मुखाशी पोर्तुगीज अंमल आणि चर्च, तर खाडीच्या आतील अंगाला भिवंडीसारखी निराळ्या राजवटीची आणि निराळ्या श्रद्धांची व्यापारी पेठ. भाषा मात्र दोन्हीकडे मराठीच्याच बोली. ‘चावी’, ‘पगार’, ‘लिलाव’, ‘घमेले’, ‘पाव’ असे शब्द पोर्तुगीज सत्तेच्या बाहेरही सर्वत्र पसरले, ते अशा शेजारामुळे. त्यासाठी धर्मांतराची गरज नव्हती. ‘नाताळ’ हा धार्मिक शब्द असूनही त्याने ‘चावी’ आणि ‘पाव’ यांचीच वाट धरली, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

प्रश्न राहतो तो ‘ळ’चा. पोर्तुगीजमध्ये अक्षराच्या अखेरीस येणारा ‘ल’ जिभेचा मागचा भाग उचलून, काहीशा जड रंगाने उच्चारला जातो. मराठी कानाला तो ‘ळ’च्या जवळचा वाटला असणे शक्य आहे. ‘लिलाव’ आणि ‘घमेले’ यांमध्ये मूळ शब्दांतील ‘ल’ स्वरापूर्वी येत असल्याने ‘ल’च राहिला, ही गोष्ट या अनुमानाला पूरक आहे. पण केवळ ध्वनीवरून निर्णय करता येत नाही. कारण गुजरातीत ‘ळ’ असूनही तेथे ‘नाताल’च राहिला. मराठीने ‘ळ’ स्वीकारला याचे दुसरे कारण मराठीच्या शब्दरचनेत आहे. ‘सकाळ’, ‘सुकाळ’, ‘दुष्काळ’, ‘पाताळ’, ‘नाठाळ’, ‘वाचाळ’, ‘रसाळ’ अशा ‘-आळ’ने संपणाऱ्या शब्दांची मराठीत दाटी आहे. त्यांतील काहींच्या अखेरीस ‘काळ’ हे नामच आहे. कालवाचक अर्थ आणि ‘-आळ’ हा शेवट यांचा संबंध मराठी भाषकाच्या मनात आधीच जुळलेला होता. नव्या शब्दाला त्या पंक्तीत बसविताना ‘ल’चा ‘ळ’ होणे स्वाभाविक होते.

५

शब्द भाषेत आला म्हणजे तो उच्चारला गेला एवढेच नव्हे. त्याला लिंग, वचन आणि सामान्यरूप मिळावे लागते. १६४०मध्ये रायतूर येथे छापलेल्या स्टीफन्स यांच्या कोकणी व्याकरणाची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत झाली होती. त्या चौकटीत एका नामाची रूपे विभक्तीनुसार ओळीने मांडली जातात. मराठी नामाचे खरे मर्म मात्र सामान्यरूपात असते : प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणाऱ्या बदलात. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) या विकाराचा विस्ताराने विचार झाला आहे. ‘नाताळ’चे मराठीपण तपासायचे तर तेथेच तपासले पाहिजे.

लिंगाचा प्रश्न सोपा आहे. पोर्तुगीज ‘नाताल’ पुल्लिंगी आहे, मराठीतही ‘नाताळ आला’ असेच म्हटले जाते. पण मराठीने हे लिंग पोर्तुगीजकडून घेतले असे मानण्याची आवश्यकता नाही. ‘सण’ आणि ‘दिवस’ हे दोन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी आहेत, आणि अकारान्त सणवाचक नामास तेच लिंग सुलभ आहे.

सामान्यरूप अधिक बोलके आहे. अकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप आकारान्त होते : ‘सण-सणाला’, ‘दुष्काळ-दुष्काळाची’, ‘पाताळ-पाताळात’. या नियमाने ‘नाताळाची सुट्टी’ व्हावयास हवे. तसे रूप लिहिलेही जाते. पण प्रचारात ‘नाताळची सुट्टी’ अधिक रुळलेले आहे. ‘दुष्काळची झळ’ असे कोणी म्हणत नाही, मग ‘नाताळची सुट्टी’ का चालते? परकेपणामुळे, असे उत्तर सहज सुचेल. परंतु ते अपुरे आहे. ‘उरूस’ हाही परका शब्द. त्याचे मात्र ‘उरुसाला’ आणि बोलीत ‘कापूस-कापसाला’ या चालीवर ‘उरसाला’ असे पूर्ण सामान्यरूप होते. शिवाय ज्यांच्या मराठीपणाविषयी शंका नाही, अशा ‘सोमवार’, ‘रविवार’ यांसारख्या नामांचेही ‘सोमवारची बैठक’, ‘रविवारपासून’ असेच होते. म्हणजे विकार न होणे ही परकेपणाची नव्हे, तर एका विशिष्ट वर्गाची खूण आहे. तो वर्ग कालगणनेतील विशेषनामांचा. ‘नाताळ’ला मराठीने ‘सोमवार’च्या शेजारी बसविले.

सप्तमीत मात्र ‘नाताळ’ वेगळा वागतो. वारांच्या नावांना ‘-ई’ लागते, ‘सोमवारी’. ‘नाताळी’ असे रूप प्रचारात नाही. येथे ‘नाताळात’ असे पूर्ण सामान्यरूप अनिवार्य ठरते, ‘श्रावणात’, ‘चैत्रात’ यांप्रमाणे. ‘-ई’ हा प्रत्यय कालबिंदू दाखवितो, ‘-आत’ कालावधी. म्हणून ‘नाताळात’ म्हणजे २५ डिसेंबरला असे नव्हे, तर वर्षाखेरीच्या त्या दिवसांत. एका दिवसाचा निर्देश करायचा तर ‘नाताळच्या दिवशी’ असे वेगळे म्हणावे लागते. इंग्रजी राजवटीतील सुट्टीच्या व्यवस्थेने हा कालावधीचा अर्थ पक्का केला. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत २८ ते ३१ डिसेंबर १८८५ या दिवसांत भरले आणि पुढेही अनेक वर्षे अधिवेशने याच सुमारास भरत राहिली. वकील, शिक्षक आणि चाकरमाने यांना तेव्हाच मोकळीक असे. ख्रिस्ती पंचांगातील उत्सव अशा रीतीने सार्वजनिक जीवनाचा एक ऋतू झाला.

‘नाताळच्या दिवशी’ हा प्रयोग आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये ‘दिएस नातालिस’ या जोडीतील दिवसवाचक नाम गळाले आणि विशेषणाचे नाम झाले. मराठीने ते नाम घेतले, त्याला ‘-चा’ लावून पुन्हा विशेषण केले आणि गळालेला दिवस परत आणला. मराठीतील ‘-चा’ विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो : ‘नाताळचा सण’, ‘नाताळची सुट्टी’, ‘नाताळचे दिवस’. लॅटिनमधील ‘-आलिस’ नेमके हेच काम करीत असे. त्याचा अर्थ मराठीपर्यंत पोहोचेतो पूर्णपणे मालवला होता. ‘ळ’मध्ये फक्त त्याचा सांगाडा उरला. म्हणून मराठीने त्यावर आपला संबंधदर्शक प्रत्यय नव्याने चढविला. शब्द आपलासा करणे याचा व्याकरणातील अर्थ हा आहे.

६

येथे व्युत्पत्तीकडे पुन्हा वळले तर एक अनपेक्षित चित्र दिसते. ‘नातुस’चे जुने लॅटिन रूप ‘ग्नातुस’ असे होते. आरंभीचा ‘ग’ लोपला, तरी ‘कोग्नातुस’ म्हणजे सगोत्र या शब्दात तो टिकून आहे. हे ‘ग्नातुस’ आणि संस्कृत ‘जात’ ही दोन्ही रूपे भारत-युरोपीय मूळभाषेतील एकाच धातूच्या एकाच कृदन्तापासून आलेली आहेत. ‘जन्म’, ‘जनक’, ‘जातक’ हे त्याच धातूचे परिवार. इतकेच नव्हे, तर लॅटिन ‘नातिओ’, ज्यापासून इंग्रजीतील राष्ट्रवाचक ‘नेशन’ आला, आणि संस्कृत ‘जाति’ यांचाही धातू एकच आहे. ‘राष्ट्र’ आणि ‘जात’ या दोन कल्पनांत आधुनिक भारतात जो ताण आहे, त्याच्या दोन्ही टोकांचे शब्द एकाच धातूतून निघावेत, ही भाषेच्या इतिहासातील एक उपरोधिक गोष्ट आहे.

या नात्याची पहिली जाणीव ज्यांना झाली त्यांत स्टीफन्स होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १५७९मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १५८३मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. त्याच दशकात गोव्यात राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतील साम्य टिपले. विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील प्रसिद्ध भाषण १७८६चे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे. तुलनात्मक भाषाविज्ञानाचा एक आरंभ कोकणच्या किनाऱ्यावर, मराठी-कोकणी कानावर पडत असताना झाला होता.

तथापि, ‘नाताळ’ हा ‘जात’चा सगोत्र आहे, म्हणून तो मराठी आहे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. तो भाषाशुद्धीच्याच तर्काचा उलटा प्रयोग होईल. वंशावळीवरून शब्दाला बाहेर काढणे जितके चूक, तितकेच वंशावळीवरून त्याला आत घेणेही. ‘उरूस’ या शब्दाला भारत-युरोपीय कुळात स्थान नाही. म्हणून तो ‘नाताळ’पेक्षा कमी मराठी ठरत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा भूतकाळ सांगते. त्याचे नागरिकत्व सामान्यरूप ठरविते.

७

१९८०नंतरच्या मराठी समीक्षेत भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीमुळे देशीयतेची चर्चा केंद्रस्थानी आली. त्या चर्चेने परभृत निकषांची केलेली चिकित्सा आवश्यक होती. पण ‘देशी’ म्हणजे ‘मूळचे’ असा सोपा अर्थ जेव्हा तिला चिकटतो, तेव्हा ख्रिस्ती आणि मुस्लिम मराठी भाषकांच्या शब्दसंपत्तीपुढे कायमचे प्रश्नचिन्ह उभे राहते. ‘नाताळ’च्या इतिहासावरून असे दिसते, की देशीपण ही वस्तूत असलेली मूळ अवस्था नसून भाषेने केलेली क्रिया आहे. तिची साधने ठोस आहेत : ‘ल’च्या जागी ‘ळ’, लिंगाची निश्चिती, सामान्यरूपाचा वर्ग, संबंधप्रत्ययाची नवी जोड, आणि श्रद्धेच्या सीमेबाहेरचा वापर. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाकडे पाहतानाही हाच निकष लावता येईल. ‘ख्रिस्तपुराणा’तील ‘वैकुंठ’ हा शब्द मराठी आहे हे सांगण्याने कवीविषयी फारसे काही सिद्ध होत नाही. परक्या आशयाने मराठी वाक्यात कोणते रूप घेतले, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. आज नागर मराठीत ‘नाताळ’च्या जोडीला, आणि पुष्कळदा त्याच्या जागी, ‘ख्रिसमस’ ऐकू येतो. त्या इंग्रजी शब्दाच्या उत्तरार्धातही लॅटिन ‘मिस्सा’ दडलेला आहे. म्हणजे लॅटिन संपर्क तुटत नाही, फक्त वाट बदलते. पण ‘ख्रिसमस’ला ‘ख्रिसमसला’, ‘ख्रिसमसची’ असे प्रत्यय नुसते बाहेरून चिकटतात. त्याचा कालावधी दाखविण्यासाठी ‘ख्रिसमसमध्ये’ असे शब्दयोगी अव्यय घ्यावे लागते. ‘नाताळात’सारखे आतून बदललेले रूप त्याला अद्याप मिळालेले नाही. ‘ख्रिस्तजयंती’ हा पर्यायही आहे. तो संस्कृतनिष्ठ आहे, ‘रामनवमी’ आणि ‘जयंती’ यांच्या ओळीत बसतो आणि उपासनेच्या गंभीर संदर्भात शोभतोही. मात्र ‘ख्रिस्तजयंतीची सुट्टी’ लागत नाही. तीन शब्दांपैकी कोशाच्या दृष्टीने सर्वांत शुद्ध ठरणारा शब्द व्यवहारात सर्वांत दूरचा आहे, आणि ज्याच्यापुढे परकेपणाची खूण आहे तोच घरातला आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२०च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरूचा मराठीशी संबंध काय, असाही सूर काही ठिकाणी उमटला होता. त्याला साहित्यकृतींच्या यादीने उत्तर देता येते आणि ते देण्यातही आले. पण त्याहून जुने उत्तर भाषेने स्वतःच देऊन ठेवले आहे. वसईच्या धर्मगुरूपासून भिवंडीच्या शिक्षकापर्यंत मराठी बोलणारा कोणीही ‘नाताळात’ असे म्हणतो, तेव्हा तो रोमन जन्मदिवस, हुतात्म्याचा मृत्युदिन आणि पोर्तुगीज उच्चार यांपैकी कशाचेही स्मरण न ठेवता मराठीच्या सामान्यरूपाचा एक नियम पाळीत असतो. ते विस्मरण म्हणजेच शब्दाचे घरी येणे. समीक्षेने मूळ शोधावे, ते तिचे कामच आहे. परंतु शोधलेल्या मुळावरून दारात उभ्या असलेल्याला परत पाठविण्याचा अधिकार तिच्याकडे नाही.